प्रश्न वाचकांचे : शिक्षकाविना ब्लूज हार्मोनिका

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच वाद्याबद्दल आहेत. दहा भोकांची, तळहातात मावणारी डायटॉनिक हार्मोनिका आणि तिच्यावर वाजणारं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज. बहुतेकांना जवळपास शिक्षक मिळत नाही, म्हणून स्वतःच शिकायचं आहे. उत्तरांमध्ये ‘४ फुंक’ म्हणजे डावीकडून चौथ्या भोकात हवा फुंकणं आणि ‘४ ओढ’ म्हणजे त्याच भोकातून हवा आत ओढणं. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे हार्मोनिका सी पट्टीची, म्हणजे पांढरी एकची, धरली आहे.

घरात वडिलांचा जुना माऊथ ऑर्गन आहे. वर-खाली अशा दोन ओळींत भोकं आहेत. त्यावर ब्लूज वाजेल का, की नवीन घ्यावा लागेल? – शिक्षिका, नाशिक

नवीन घ्या. तुमच्याकडचा ट्रेमोलो प्रकारचा आहे. त्यात एका सुरासाठी दोन रीड्स, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, असतात आणि त्या एकमेकींपासून किंचित हटवून जुळवलेल्या असतात. त्यामुळे आवाज सतत हलका थरथरतो. गाण्यांच्या चाली त्यावर फार गोड वाजतात, तेव्हा तो टाकून देऊ नका. पण ब्लूजचा जीव आहे सूर वाकवण्यात, म्हणजे बेंडमध्ये. बेंडसाठी फुंकेची आणि ओढीची रीड एकाच भोकामागच्या पोकळीत हवी. ट्रेमोलोमध्ये प्रत्येक रीडचा कप्पा वेगळा असतो, म्हणून तिथे कितीही जोर लावला तरी खरा बेंड निघत नाही.

घेताना ‘दहा भोकं, डायटॉनिक, सी’ असं स्पष्ट सांगून घ्या. होनरची स्पेशल ट्वेंटी, जपानच्या टोम्बो कंपनीची ली ऑस्कर, सुझुकीची हार्पमास्टर किंवा ईस्टटॉपची प्लास्टिक चौकटीची हार्मोनिका, यांतली कोणतीही पुरेशी आहे. खेळण्याच्या दुकानातली दोन-तीनशे रुपयांची हार्मोनिका मात्र घेऊ नका. तिच्यात हवा इतकी गळते की चूक तुमची आहे की वाद्याची, हे नवशिक्याला कळतच नाही. होनरची मरीन बँड १८९६ सालापासून बनते आणि शिकागोच्या जुन्या वादकांचं वाद्य तेच. पण तिची मधली चौकट नाशपातीच्या लाकडाची असते आणि पत्रे खिळ्यांनी ठोकलेले असतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात, वर थुंकीचा ओलावा, असं लाकूड फुगतं, त्याच्या कडा ओठांना टोचतात आणि खिळे काढून साफसफाई करणं नवख्याला जमत नाही. पहिली हार्मोनिका प्लास्टिक चौकटीची आणि स्क्रूची असावी.

मी भजनी मंडळात हार्मोनियम वाजवतो. इंग्रजी नोटेशन येत नाही. सरगमच्या आधारे ही हार्मोनिका समजून घेता येईल का? – सांगली

येईल. हार्मोनियमवाल्याला एक फायदा आधीच असतो, त्याच्या कानात सुरांची जागा पक्की असते.

आधी नकाशा. फुंकेचे सूर १ पासून १० पर्यंत : सी, ई, जी, सी, ई, जी, सी, ई, जी, सी. ओढीचे : डी, जी, बी, डी, एफ, ए, बी, डी, एफ, ए. पांढरी एकला सा धरला तर पूर्ण शुद्ध सप्तक फक्त मधल्या भागात मिळतं. ४ फुंक सा, ४ ओढ रे, ५ फुंक ग, ५ ओढ म, ६ फुंक प, ६ ओढ ध, ७ ओढ नी, ७ फुंक सा. सातव्या भोकावर क्रम उलटतो, तिथे आधी ओढ आणि मग फुंक. इथे सगळे अडखळतात. खालच्या सप्तकात म आणि ध मुळातच नाहीत.

ब्लूजवाले बहुतेक वेळा या पद्धतीने वाजवत नाहीत. ते सी पट्टीच्या हार्मोनिकावर पांढरी पाचला, म्हणजे जीला, सा मानतात. याला सेकंड पोझिशन किंवा क्रॉस हार्प म्हणतात. मग २ ओढ सा होते (३ फुंक हाही तोच सूर), ३ ओढ शुद्ध ग, ४ फुंक म, ४ ओढ प, ५ फुंक ध, ५ ओढ कोमल नी, ६ फुंक वरचा सा. म्हणजे खमाज थाटाचे सूर हातात आले. फक्त सा आणि ग यांच्यामधला रे बेंडने काढावा लागतो. ब्लूजची सुरावट आहे सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी, सा. यातला कोमल ग ३ ओढ वाकवून आणि तीव्र म ४ ओढ वाकवून मिळतो, बाकीचे आयते आहेत. महत्त्वाचे सूर ओढीचे आहेत आणि ओढीचेच सूर खालच्या भागात वाकतात, म्हणून ही पोझिशन ब्लूजला इतकी मानवली.

एक सावधगिरी. ब्लूजचा कोमल ग हार्मोनियमच्या पट्टीवरचा नाही. तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे, गायकाच्या इच्छेप्रमाणे वर-खाली सरकतो. हार्मोनियमच्या सवयीने तो एका जागी ठोकून बसवू नका. तिथे मींड ऐकलेला कान वापरा.

शिक्षकाशिवाय खरंच शिकता येतं का? ज्यांची नावं ऐकतो ते सगळे म्हणे स्वतःच शिकलेले. – संगणक अभियंता, पुणे

स्वतः शिकलेले होते हे खरं, पण एकटे शिकलेले नव्हते. वाद्य हातात धरून कुणी धडे दिले नाहीत एवढाच त्याचा अर्थ. रेडिओ, रेकॉर्ड आणि शेजारी उभा राहून वाजवणारा वडीलधारा वादक, या तीन गोष्टी जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला आल्या होत्या.

जेम्स कॉटन १९३५ साली मिसिसिपीतल्या ट्युनिकाला जन्मला. आर्कान्सामधल्या हेलेनाच्या केएफएफए रेडिओ केंद्रावर नोव्हेंबर १९४१ पासून दुपारी ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम लागायचा. त्यात राइस मिलर, म्हणजे दुसरा सनी बॉय विल्यमसन, वाजवायचा. कॉटनने हे वाद्य आधी तिथे ऐकलं आणि मग मिलरच्याच सहवासात घडला. लिटल वॉल्टर १९३० साली लुइझियानातल्या मार्क्सव्हिलचा. पोरवयातच घराबाहेर पडला, चाळीसच्या दशकाच्या मध्यावर शिकागोला पोचला आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवू लागला. त्याच्या कानात पहिल्या सनी बॉय विल्यमसनच्या रेकॉर्ड होत्या, तसा लुई जॉर्डनचा सॅक्सोफोनही होता. १२ मे १९५२ रोजी त्याने ‘ज्यूक’ ध्वनिमुद्रित केलं. ते बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यात सॅक्सोफोनची वाक्यं हार्मोनिकावर कशी उतरली आहेत ते नीट ऐका. दुसऱ्या वाद्याकडून घेणं हाही त्याच्या शिक्षणाचाच भाग होता.

जाता जाता, सनी बॉय विल्यमसन नावाचे दोन वेगळे वादक आहेत. पहिला जॉन ली विल्यमसन, टेनेसीचा, जो १९३७ पासून रेकॉर्ड करत होता आणि १९४८ मध्ये शिकागोत मारला गेला. दुसरा राइस मिलर, मृत्यू १९६५. शोधताना दोघांची गाणी एकत्र येतात आणि नवशिक्याचा गोंधळ होतो.

तेव्हा शिक्षक नसेल तर रेकॉर्डला शिक्षक करा, पण शिस्तीने. एक गाणं निवडा, त्यातला फक्त दोन मापांचा, म्हणजे आठ मात्रांचा, तुकडा घ्या. वेग कमी करणाऱ्या ॲपवर तो साठ-सत्तर टक्के वेगाने लावा, सूर तोच राहतो. वाद्य खाली ठेवा आणि तो तुकडा आधी तोंडाने गा. श्वासाच्या जागांसकट गाता येईपर्यंत हार्मोनिका उचलू नका. मग भोकं शोधा, कागदावर लिहा, वाजवा, फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि मूळ तुकड्यामागे लगेच स्वतःचा लावून ऐका. फरक बहुधा सुरांत नसतो. तो सूर कधी सुरू झाला, कधी सोडला आणि किती दमाने, यात असतो. आठवड्याला असा एक तुकडा खूप झाला. व्हिडिओ पाहून वीस तुकडे कच्चे शिकण्यापेक्षा हा मार्ग आम्हाला कितीतरी पक्का वाटतो. तयार भोकांचे आकडे बघून वाजवण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. आकडे वाचणारा कान आळशी होतो आणि स्वतः शिकणाऱ्याजवळ कानाशिवाय दुसरं भांडवल नसतं.

मी अकरावीत आहे. माझ्या नव्या हार्मोनिकाची २ ओढ वाजतच नाही, नुसती हवा येते किंवा बसका सूर निघतो. दुकानदार बदलून देत नाही. काय करू? – कोल्हापूर

दुकानदाराशी भांडू नकोस, वाद्य बहुधा ठणठणीत आहे. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाची २ ओढ अडते. तू नकळत तो सूर वाकवतो आहेस. एका भोकातून हवा ओढायची म्हणून ओठ आवळतोस, जीभ मागे वर उचलली जाते, तोंडाची पोकळी बदलते आणि रीड गुदमरते.

आधी खात्री कर. हार्मोनिका उलटी धर, म्हणजे आकडे खाली येतील आणि भोक उजव्या बाजूला जाईल, आणि तेच भोक ओढून बघ. किंवा शेजारच्या एखाद्या वाजवणाऱ्याला दे. त्याच्याकडे वाजली तर प्रश्न मिटला. मग १, २, ३ ही तिन्ही भोकं एकत्र ओढ. ओठ सैल, जबडा खाली, आरशावर वाफ सोडताना घसा जसा उघडा असतो तसा, फक्त श्वास आतल्या दिशेने. भरदार आवाज आला की तोच श्वास न बदलता ओठांचे कोपरे हळूहळू जवळ आण, तीनाची दोन भोकं, दोनाचं एक. मध्येच सूर बसला तर पुन्हा तिन्ही भोकांवर जा. हार्मोनिका ओठांच्या टोकाला चिकटवू नकोस, आतल्या ओल्या भागापर्यंत आत घे.

आणखी एक तपासणी. वाजवताना नाक चिमटीत धर. आवाज एकदम मोठा झाला तर इतके दिवस अर्धी हवा नाकातून जात होती. रोज दहा मिनिटं हेच कर, आठवड्या-दोन आठवड्यांत भोक मोकळं होईल.

सहा महिने झाले, बेंड येत नाही. जोरात ओढलं तर आवाज फक्त मोठा होतो. – बँक कर्मचारी, ठाणे

जोर हेच तुमचं कारण आहे. बेंड ताकदीने येत नाही, तोंडाच्या आतल्या आकाराने येतो. तो नेमका काय आहे हे कळलं तर सराव सोपा होतो.

प्रत्येक भोकामागे दोन रीड्स असतात, एक फुंकेची, एक ओढीची. १ ते ६ भोकांत ओढीचा सूर वरचा असतो, ७ ते १० मध्ये फुंकेचा. वाकतो तो नेहमी वरचा सूर, आणि तो त्याच भोकातल्या खालच्या सुराच्या दिशेने वाकतो. तोंडाची पोकळी खालच्या सुराला जुळेल अशी मोठी केली की वरची रीड मंदावते आणि एरवी गप्प असणारी दुसरी रीड उघडून थरथरू लागते. खाली उतरण्याची सीमा म्हणजे खालच्या सुराच्या साधारण अर्धा सूर वर. म्हणून ४ मध्ये, जिथे ओढ डी आणि फुंक सी, मधे एकच मुक्काम आहे, डी फ्लॅट (फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली, शार्प म्हणजे अर्धा सूर वर). १ मध्येही एकच. २ मध्ये जी आणि ई यांच्यामधे दोन, एफ शार्प आणि एफ. ३ मध्ये बी आणि जी यांच्यामधे तीन : बी फ्लॅट, ए, ए फ्लॅट. ६ मध्ये एक. ५ मध्ये दोन्ही सुरांत अर्ध्याच सुराचं अंतर असल्याने पूर्ण बेंड नाही, नुसता झोल येतो. ७ मध्येही तेच. वर ८, ९, १० मध्ये फुंकेचे बेंड असतात, ते पहिल्या वर्षी बाजूला ठेवा.

आता कृती. सुरुवात ४ ओढ किंवा १ ओढपासून करा, २ आणि ३ पासून नको.

वाद्याशिवाय सीटी वाजवा, पण श्वास आत ओढत. वरच्या सुरावर सुरू करून सीटी हळूहळू खाली आणा. जीभ काय करते ते बघा. तिचा मागचा भाग मागे आणि खाली सरकतो, टोक आपोआप मागे येतं. ही हालचाल हाच बेंड. ज्यांना सीटी येत नाही त्यांनी आत श्वास घेत ‘ई’ वरून ‘ऊ’ वर जावं.

मग ४ ओढ साधी, मोकळी, हलक्या श्वासावर लावा. आवाज न वाढवता तीच सरक करा. सुरुवातीला सूर खाली जाण्याऐवजी दबेल, किंचित चिरकेल. ते चांगलं लक्षण आहे, दुसरी रीड जागी होते आहे. तिथेच थांबून जीभ केसभर मागे-पुढे करा. जागा सापडली की सूर एकदम खाली पडतो आणि आवाज पुन्हा भरतो. ओठ हलू देऊ नका, हार्मोनिका तिरपी करू नका. तिरपी केल्यावर सूर उतरल्यासारखा वाटतो, पण ते फक्त हवा अडवणं आहे.

सूर पडायला लागला की फोनवर ट्यूनर ॲप लावा. ४ ओढीला डी दिसेल, वाकवल्यावर डी फ्लॅट किंवा सी शार्प दिसला पाहिजे. तो सूर चार मोजेपर्यंत स्थिर धरा आणि तसाच सोडा. मग सरकत न जाता थेट वाकलेल्या सुरावरच सुरुवात करा. हे जमेपर्यंत बेंड आला असं म्हणू नका. सरकणारा बेंड म्हणजे शोभा, नेमका लागलेला बेंड म्हणजे स्वर. तुम्हाला स्वर हवा आहे.

२ ओढ आणि त्याहून ३ ओढ सगळ्यांत शेवटी. तिसऱ्या भोकात तीन मुक्काम जवळजवळ आहेत आणि नवशिका थेट सगळ्यांत खालच्यावर कोसळतो, त्यामुळे त्याचा कोमल ग बेसूर, फार उतरलेला लागतो. तिथे हार्मोनियम किंवा कीबोर्डवर बी फ्लॅट दाबून ठेवा आणि तो कानाने पकडा. मग ए, मग ए फ्लॅट. चार-सहा महिने इथे गेले तर काही बिघडलं नाही.

सी पट्टीवर अगदीच अडत असेल तर ए पट्टीची हार्मोनिका घेऊन बघा. तिचे सूर सीपेक्षा खालचे, रीड्स लांब, त्यामुळे मधल्या भोकांचे बेंड अनेकांना सोपे जातात. एफ पट्टीची उंच आणि चिडखोर, तिथे जागा अगदी अरुंद. ती आत्ता नको.

वाजवताना काही मिनिटांतच छाती हवेने भरून येते, कधी चक्करही येते. – निवृत्त, रत्नागिरी

चक्कर आली की लगेच थांबा आणि साधा श्वास घ्या. गरजेपेक्षा खोल, भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याची ती चक्कर. सुरुवातीला पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे करा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

छाती भरण्याचं कारण सेकंड पोझिशनमध्येच आहे, सगळे मुख्य सूर ओढीचे. दोन उपाय. वाक्याच्या शेवटी नाकातून झटकन हवा सोडायची सवय लावा. आणि जिथे जमेल तिथे २ ओढीऐवजी ३ फुंक वापरा, सूर तोच आणि छाती रिकामी.

यावर रेल्वेगाडीचा सराव फार उपयोगी. १-२-३ भोकं एकत्र : ओढ-ओढ, फुंक-फुंक, सारख्या मात्रांत, मेट्रोनोमवर मिनिटाला ६० पासून हळूहळू १२० पर्यंत. आत आणि बाहेर जाणारी हवा सारखी राहते, आणि लय पक्की होते ती वेगळीच. गाडीचा आवाज काढणं ही या वाद्याची जुनी परंपरा आहे. टेनेसीचा डीफोर्ड बेली तिसऱ्या वर्षी पोलिओने अंथरुणाला खिळला होता, तिथेच त्याचे हार्मोनिकाचे पहिले सूर निघाले. गाडीची नक्कल करणारी त्याची रेकॉर्ड १९२७ ची आहे.

बारा मापांचं ब्लूज म्हणजे काय आणि कुठल्या मापाला काय वाजवायचं? – महाविद्यालयीन विद्यार्थिनी, औरंगाबाद

चार मात्रांची बारा मापं, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. सा, म आणि प हे तीन आधार फिरतात. पहिली चार मापं सा. पाच-सहा म. सात-आठ पुन्हा सा. नववं प, दहावं म, अकरावं सा, बारावं प, आणि त्या प वरून परत समेवर. जी पट्टीत हे जी, सी आणि डी असे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गट, होतात. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून पहिला आणि तिसरा वाजवला की शफल नावाची ती डुलती चाल तयार होते. टाळी देत ‘एक-ए, दोन-ए’ न म्हणता ‘एक…न दोन…न’ असं लांब-आखूड म्हणून बघा.

पहिल्या महिन्यात फक्त आधारसूर वाजवा. सा च्या मापांना २ ओढ, म च्या मापांना १ फुंक किंवा ४ फुंक, प च्या मापांना १ ओढ किंवा ४ ओढ. दुसरं काहीही नको. फोनवर जी पट्टीचा, मिनिटाला ८० च्या आसपासचा शफल लावा आणि बारा मापं न चुकता दहा आवर्तनं फिरा. मोजणं थांबलं आणि तरी पाचव्या मापाला म आपोआप आला की पुढे जा.

मग हा तुकडा घ्या : २ ओढ, ३ ओढ अर्धा सूर वाकवून, ४ फुंक, ४ ओढ, परत ४ फुंक, ३ ओढ वाकवून, २ ओढ. सुरांत सा, कोमल ग, म, प, म, कोमल ग, सा. दोन मापांत बसवा, पुढची दोन मापं गप्प राहा. प्रश्न विचारावा आणि उत्तराला जागा ठेवावी, ही ब्लूजची मांडणीच आहे.

एक चूक सगळ्यांची होते, म्हणून ठळकपणे सांगतो. पाचव्या-सहाव्या मापात ३ ओढ न वाकवता लांबवू नका. तो शुद्ध बी, आणि तिथल्या सी सेव्हन्थ कॉर्डमध्ये बी फ्लॅट असतो. दोघे समोरासमोर आले की ऐकणाऱ्याचे दात आंबतात. तिथे ३ वाकवा किंवा सरळ ४ फुंकेवर या. नवव्या मापात ४ ओढ हा घरचा सूर, आणि ३ ओढ पूर्ण सूर वाकवून ए काढता आला तर उत्तमच.

जीभ वापरून वाजवावं की ओठांनी? – नागपूर

दोन्ही. ओठांनी एक सूर स्वच्छ काढणं आधी शिका. मग तोंड चार भोकांवर ठेवून डावीकडची तीन जिभेने झाका, सूर ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून येईल. शिकागोच्या वादकांचा तो जाड आवाज इथून येतो. आधी क्षणभर सगळी भोकं वाजतात आणि लगेच जीभ खाली आपटून एकच सूर उरतो. याच ठेवणीत जीभ फक्त मधल्या दोन भोकांवर ठेवली की १ आणि ४ एकदम वाजतात, एकच सूर दोन सप्तकांत. फुंकेत ही युक्ती सगळीकडे चालते. ओढीत १-४ नंतर मात्र पाच भोकांचा पल्ला लागतो, ३-७, ४-८ असा, कारण ओढीचे सूर वर जाताना सरकतात.

माझी एक रीड उतरली आहे. ट्यूनरवर आणखी दोन-तीन सूरही थोडे खाली दिसतात. दुरुस्त होईल का? – गोवा

ते दोन-तीन सूर २ फुंक, ५ फुंक, ३ ओढ किंवा ७ ओढ असतील तर हात लावू नका. बऱ्याच कंपन्या हे गंधार मुद्दाम किंचित उतरते ठेवतात, म्हणजे कॉर्ड कर्कश न वाटता मिसळतो. खरी उतरलेली रीड वेगळी कळते, रोज आणखी उतरते. बहुधा ४ ओढ किंवा ५ ओढ असते, कारण त्यांच्यावर सगळ्यात जास्त जोर पडतो. पितळ थकतं. त्यावर उपाय कमी हवेने वाजवणं हाच.

खालचं झाकण काढलं की ओढीच्या रीड्स समोर दिसतात. आधी कचरा बघा, पानाचा, वड्याचा कण किंवा तंतू अडकला तरी रीड मुकी होते. पातळ कागदाची कड अलगद फिरवून काढा. सूर चढवायचा तर रीडच्या मोकळ्या टोकाजवळ किंचित घासायचं, उतरवायचा तर रिव्हेटजवळ, म्हणजे रीड पत्र्याला जडवलेली असते त्या टोकाशी. घासताना रीडखाली पातळ पत्रा सरकवून आधार द्या, दोन-तीन हलके ओरखडे द्या आणि प्रत्येक वेळी ट्यूनर बघा. काढलेला धातू परत येत नाही. टोकाशी पत्र्यापासूनचं अंतर साधारण टोकाच्या जाडीइतकं असावं. जास्त असेल तर हवा वाया जाते, कमी असेल तर जोरात ओढताच रीड बंद पडते. हा सराव आधी जुन्या, मेलेल्या हार्मोनिकावर करा. रीड्स पुन्हापुन्हा जात असतील तर सायडेल कंपनीच्या स्टीलच्या रीड्सचा विचार करा, त्या जास्त टिकतात.

रोजचं म्हणाल तर वाजवण्याआधी तोंड धुवा, नंतर भोकं खाली करून तळव्यावर हलकं आपटा आणि डबी बंद करण्यापूर्वी वाळू द्या. गोव्याच्या दमट हवेत ही शेवटची पायरी सोडू नका.

बुलेट माइक घेतला तर तो शिकागोचा आवाज येईल का? – मुंबई

शुअरचा ग्रीन बुलेट किंवा जुना अ‍ॅस्टॅटिक जेटी-थर्टी आवाजाला दाणेदारपणा देतात. पण तो आवाज नव्वद टक्के हातांच्या मुठीत असतो. माइक आणि हार्मोनिका दोन्ही हातांत अशी बंद करा की हवा कुठूनही निसटणार नाही. लहान ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर आवाज दाबून भरदार होतो. शिट्टी वाजू लागली तर आवाज कमी करा, अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठ करू नका, बाजूला सरका. बिनमाइकचा सूर अजून पातळ असेल तर पैसे आणखी दोन हार्मोनिकांवर खर्च करा.

मित्र गिटार वाजवतो आणि म्हणतो, ‘ई मध्ये वाजवू’. माझी सी हार्मोनिका चालत नाही. कुठल्या पट्ट्या घेऊ? आणि चारचौघांत वाजवताना काय पाळायचं? – डोंबिवली

गिटारवाल्याने सांगितलेल्या पट्टीपासून चार सूर वर मोजा. ई, एफ, जी, ए, म्हणजे ए ची हार्मोनिका. तसंच गाणं ए मध्ये तर डी ची, जी मध्ये सी ची, डी मध्ये जी ची, सी मध्ये एफ ची, आणि एफ मध्ये बी फ्लॅटची. ‘ज्यूक’ही ई मध्येच आहे आणि ए च्या हार्मोनिकावर वाजलेलं आहे. सी नंतर ए घ्या, मग डी, मग जी. गिटारच्या मोकळ्या तारांमुळे ब्लूजवाल्यांचा जीव ई आणि ए वर असतो, त्यामुळे या चारांत बहुतेक बैठका निभावतात. गाणं मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराचं, असेल तर थर्ड पोझिशन वापरून बघा. सी हार्मोनिकावर डी मायनर, सा म्हणजे ४ ओढ.

बैठकीत आधी पट्टी विचारा, मग खिशात हात घाला. पहिलं आवर्तन ऐका. कोणी गात असेल तर गाण्याच्या ओळीवर वाजवू नका. ब्लूजच्या प्रत्येक चार मापांत गायक साधारण पहिली दोन व्यापतो, उरलेली दोन तुमची. तिथे छोटा तुकडा टाका आणि पुढची ओळ सुरू होण्याआधी मोकळे व्हा. गिटारवाला एकट्याने वाजवायला लागला की १-२-३ ओढीचा हलका ठेका धरा, सूर नको. तुमची पाळी आली की दोन आवर्तनं घ्या. पहिल्यात कमी सूर, दुसऱ्यात थोडे जास्त, आणि बाराव्या मापात १ किंवा ४ ओढीवर येऊन पुढच्याला नजरेने खूण करा.